हाकेची पायरी

कल्याण सोडलं की मध्य रेल्वेला दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीला जातो, दुसरा कर्जतवरून बोरघाट चढून लोणावळ्याला. इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतली दहा दिवसांची विपश्यना शिबिरं होत आली आहेत. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम उभं केलं. त्याच गावात पुढे अँथनी डिमेलो या मुंबईत जन्मलेल्या जेझुइट धर्मगुरूंची, पुण्यात सुरू झालेली 'साधना' संस्था आली आणि कितीतरी फादर-सिस्टर तिथे श्वासाचं, शरीराचं भान ठेवत प्रार्थना शिकले. मी दोन्ही वाटांनी गेले आहे. इगतपुरीला दहा दिवस बसले, ख्रिस्ती मौनशिबिरांना तर अनेकदा. दारातून डोकावणाऱ्याला दोन्हीकडे सारखंच दिसेल: ताठ पाठ, मिटलेले डोळे, मांडीवर सैल हात. आत चाललेलं मात्र सारखं नसतं, आणि ते माहीत नसल्यामुळे पुष्कळ जणांची वर्षं वाया जातात. हा लेख त्यांच्यासाठी.

आमच्या धर्मग्रामात दर गुरुवारी संध्याकाळी मी मौन प्रार्थनेचा लहानसा गट चालवते. तिथे दोन प्रश्न हमखास येतात. ख्रिस्ती माणूस दबक्या आवाजात विचारतो, "ताई, ध्यान केलेलं आपल्यात चालतं का?" आणि कुतूहलाने येऊन बसलेली हिंदू मैत्रीण विचारते, "तुमच्यात ध्यान असतं का गं? की नुसतं मागणंच?" दोघांनाही मी आधी शब्दांकडे नेते, कारण निम्मा गोंधळ शब्दांनीच घातला आहे.

'मेडिटेशन' म्हणजे ध्यान, असं आपण धरून चालतो. पण ज्या लॅटिन शब्दातून तो आला, त्याचा ख्रिस्ती मठांतला अर्थ मनन असा होता. शास्त्रातलं एखादं वचन घ्यायचं, ओठांवर घोळवायचं, त्याचा सगळ्या बाजूंनी विचार करायचा. जुने संन्यासी याला रवंथ म्हणत. हे करता करता विचार थांबतात, शब्द गळून पडतात आणि माणूस नुसता देवापुढे उरतो, त्या स्थितीला त्यांचा शब्द होता 'काँटेम्प्लेशन'. म्हणजे आपलं ध्यान त्यांच्या काँटेम्प्लेशनच्या शेजारचं आणि त्यांचं मेडिटेशन आपल्या मननाच्या शेजारचं. जुन्या ख्रिस्ती पुस्तकात 'मेडिटेशन सोडून पुढे जा' असा सल्ला दिसला, तर तो ध्यान सोडण्याचा नाही, विचार करत बसणं सोडण्याचा आहे. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी पुस्तकं कळू लागतात.

बाराव्या शतकात फ्रान्सच्या आल्प्स पर्वतात ग्रांद शार्त्रोझ मठाचे प्रमुख होते दुसरे गीगो. त्यांनी आपल्या एका गुरुबंधूला पत्र लिहून प्रार्थनेची शिडी समजावली. पायऱ्या चार: वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी ते निःशब्द असणं. वाचनाने घास तोंडात जातो, मननाने तो चावला जातो, प्रार्थनेने चव कळते आणि शेवटची पायरी म्हणजे खुद्द गोडवा, अशा अर्थाचा त्यांचा दृष्टान्त आहे. मराठी वाचकाला इथे बृहदारण्यक उपनिषदातले याज्ञवल्क्य आठवतील. मैत्रेयीला त्यांनी सांगितलेला क्रमही श्रवण, मनन, निदिध्यासन असाच चढत जातो. या दोन शिड्या शेजारी शेजारी उभ्या करून पाहा. श्रवणासमोर वाचन आहे, आणि मठात वाचन पुटपुटत किंवा मोठ्यानेच होत असल्याने तेही श्रवणच. मननासमोर मनन आहे. निदिध्यासनासमोर निःशब्द असणं आहे. पण गीगोंच्या शिडीत मधे एक पायरी जास्त आहे. मनन करून थकलेला माणूस तिथे मान वर करतो आणि कुणाला तरी 'तू' म्हणून हाक मारतो.

माझ्या लेखी सगळा फरक त्या हाकेच्या पायरीत आहे. हाक मारून झाल्यावरची शांतता वेगळी असते. संध्याकाळी ओट्यावर एकटं बसणं आणि ज्याच्यावर जीव आहे त्याच्या शेजारी न बोलता बसणं, दोन्हीत आवाज तेवढाच असतो, तरी दोन्ही एक नव्हे. विपश्यनेत शिकायची असते ती सजगता. संवेदना उठते, जाते. तिला चिकटायचं नाही, तिला झिडकारायचं नाही. तिथे लक्ष कसाला लागतं. ख्रिस्ती मौन प्रार्थनेत कसाला लागतो तो होकार. लक्ष शंभरदा भटकलं तरी चालेल, पण 'मी तुझ्यासाठी इथे बसलो आहे' हा होकार शाबूत हवा. आणि त्या बसण्यातून जे मिळतं ते तंत्राचं फळ मानलं जात नाही. ती कृपा. ती यायला वेळ लागेल, कदाचित ती आल्याचं कळणारही नाही. आपल्या हातात असतं ते फक्त दार उघडं ठेवणं.

ही रेघ ख्रिस्ती आणि हिंदू यांच्यामधून जाते असं मात्र कुणी समजू नये. वारकऱ्याच्या नामस्मरणात हाकच हाक आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतही ईश्वरप्रणिधान आहे आणि प्रणवाचा जप आहे. म्हणून मराठी घरात ख्रिस्ती मौन प्रार्थनेची खरी बहीण शोधायची तर ती नामस्मरणात सापडते. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना हे नीट कळलं होतं. त्यांनी आपल्या लोकांसाठी अभंग रचले, कीर्तनं उभी केली. ख्रिस्ताला मराठीत हाक कशी मारायची हे आमच्या आजी-पणजीला त्यांनी शिकवलं. मौनाची शिडी चढताना माझ्या ओठांवर जे शब्द येतात, त्यांचा ताल आजही त्याच घरातला आहे.

आता प्रत्यक्ष करायचं काय? सगळ्यात आधी स्वतःला खरं उत्तर द्या: तुम्हाला काय हवं आहे? झोप लागत नाही, रक्तदाब वाढला आहे, ऑफिसातून आल्यावर मुलांवर खेकसायला होतं, यासाठी काही हवं असेल तर श्वासावर लक्ष ठेवण्याचा साधा सराव, प्राणायाम किंवा रुग्णालयांत शिकवलं जाणारं माइंडफुलनेस घ्या. त्यात कमीपणा नाही, ख्रिस्ती माणसाने ते केलं तर पापही नाही. पण प्रार्थनेला गोळी समजून घेऊ नका. शांत वाटलं म्हणजे प्रार्थना जमली आणि अस्वस्थ वाटलं म्हणजे फसली, हा हिशेब एकदा मनात शिरला की माणूस महिनाभरात बसणं सोडतो. देवाची सोबत हवी असेल, तर ती अस्वस्थतेतही घ्यावी लागते.

सोबतच हवी असेल, तर दारं अनेक आहेत. तुमचा स्वभाव पाहून एक निवडा.

वाचनाची ओढ असणाऱ्यांनी गीगोंची शिडीच धरावी. आपल्याकडे पारायणाची सवय असते, आणि पारायणात आज अमुक अध्याय संपवायचे असतात. इथे उलटं करायचं. शुभवर्तमानातला सात-आठ ओळींचा उतारा घ्या, हळू वाचा आणि जिथे मन अडेल तिथे थांबा. पुढचं वाचायचंच नाही, उतारा अर्धा राहिला तरी. तेवढा एक शब्द घोळवा, मग त्याच्यावरून देवाशी जे बोलावंसं वाटेल ते बोला, आणि बोलणं आपोआप संपलं की गप्प राहा. मी कधी कधी बायबलऐवजी फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण घेते. १६१६ मध्ये गोव्यात रायतूर इथे छापलेला, दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ आपल्या भाषेत आहे हे आपलं केवढं भाग्य! भाषा जुनी असल्याने भराभर वाचताच येत नाही, आणि या कामाला तेच हवं असतं.

ज्यांना गोष्टी दिसतात, म्हणजे पुस्तक वाचताना डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं, त्यांच्यासाठी लोयोलाचे संत इग्नेशियस आहेत. त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकाला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यातली मुख्य रीत अशी की प्रसंगाच्या आत शिरायचं. यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला आंधळा बार्तिमय घ्या. धूळ, उन्हाचा चटका, गर्दीचा आवाज, त्याला गप्प करणारी माणसं. तुम्ही त्या गर्दीत कुठे आहात? त्याला गप्प करणाऱ्यांत तर नाही? येशू थांबतो, त्याला जवळ बोलावतो आणि काय हवं आहे ते विचारतो. आता तोच प्रश्न तुमच्याकडे वळू द्या आणि उत्तर द्यायची घाई करू नका. विपश्यना करून आलेल्यांना ही रीत सुरुवातीला चमत्कारिक वाटते, कारण तिथे कल्पना बाजूला ठेवायची असते आणि इथे तिलाच कामाला लावायचं असतं. शब्दांपेक्षा चित्रांत रमणाऱ्या मुलांनाही हे पटकन जमतं, असा माझा अनुभव आहे.

जपाची सवय असणाऱ्यांनी येशूनामाची प्रार्थना घ्यावी. इजिप्त आणि सीरियाच्या वाळवंटातल्या संन्याशांपासून चालत आलेली ही रीत ग्रीसमधल्या आथोस पर्वतावरच्या मठांत फुलली. चौदाव्या शतकात तिच्यावर टीका झाली, तेव्हा ग्रेगरी पालामास यांनी तिची बाजू मांडली. या परंपरेतल्या लेखनाचा 'फिलोकालिया' हा मोठा संग्रह १७८२ मध्ये व्हेनिसला छापला गेला. प्रार्थना एका वाक्याची: येशूचं नाव घ्यायचं, त्याला प्रभू आणि देवाचा पुत्र म्हणायचं, आणि स्वतःवर दया मागायची. एवढंच, पुन्हा पुन्हा. अर्धं वाक्य श्वास घेताना, अर्धं सोडताना. लोकलमध्ये दोन बाकांच्या मधे उभ्याने, भांडी घासताना, दवाखान्याच्या रांगेत ती चालू राहते, म्हणून घर-नोकरी सांभाळणाऱ्या बायांना मी आधी हीच सुचवते. एक सावधगिरी: श्वास रोखून धरण्याचे किंवा लक्ष हृदयावर खिळवण्याचे प्रकार जाणत्या मार्गदर्शकाशिवाय करू नका. जुन्या गुरूंनीच तसं बजावून ठेवलं आहे.

आणि शब्दांचा कंटाळा आलेल्यांसाठी एक दार आहे, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. यात दोन पंथ आहेत, आणि दोन्हींचे जन्म सांगण्याजोगे आहेत. जॉन मेन हे १९५० च्या दशकात मलायात ब्रिटिश सरकारच्या नोकरीत होते. क्वालालंपूरला त्यांना स्वामी सत्यानंद भेटले. स्वामीजींनी त्यांना मंत्र घेऊन बसायला शिकवलं, पण मंत्र त्यांच्या स्वतःच्या धर्मातला घ्यायला सांगितलं. पुढे मेन बेनेडिक्टाइन संन्यासी झाले, तेव्हा मठात त्यांना ही पद्धत सोडायला सांगितली आणि त्यांनी ती निमूटपणे सोडली. कितीतरी वर्षांनी चौथ्या-पाचव्या शतकातले जॉन कॅसियन वाचताना त्यांना दिसलं की इजिप्तच्या वाळवंटातले ख्रिस्ती वडील स्तोत्रातलं एकच वचन दिवसरात्र घोळवायला सांगत होते. हिंदू संन्याशाने दाखवलेली वस्तू त्यांना आपल्याच माळ्यावर सापडली. मेन यांनी 'मारानाथा' हा येशूच्या बोलीतला, आरामी भाषेतला शब्द सुचवला. सकाळ-संध्याकाळ वीस ते तीस मिनिटं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो म्हणत राहायचा.

दुसरा पंथ १९७० च्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्पेन्सर गावच्या सेंट जोसेफ मठात निघाला. तरुण कॅथलिक मुलं पौर्वात्य ध्यानाकडे जात होती आणि मठातल्या संन्याशांना प्रश्न पडला की आपल्याकडे हे असून आपण यांना का देत नाही. विल्यम मेनिंगर यांनी चौदाव्या शतकातल्या एका अनामिक इंग्रजी ग्रंथाचा आधार घेतला, बेसिल पेनिंग्टन आणि थॉमस कीटिंग यांनी या रीतीचा प्रसार केला. या 'सेंटरिंग प्रेयर'मध्ये शब्द सतत म्हणायचा नसतो. एक लहानसा शब्द निवडायचा, येशू, बाप, दया, ये, काहीही. तो होकाराची खूण म्हणून एकदा मनात ठेवायचा आणि विचारात गुंतल्याचं लक्षात आलं की हलकेच त्याच्याकडे परत यायचं. न गुंतलात तर शब्दही नको. वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. मेन यांची रीत नामस्मरणाच्या जवळची आहे, कीटिंग यांची अधिक मोकळी. चंचल मनाला पहिली बरी पडते, असं मी पाहिलं आहे. गंमत अशी की स्पेन्सर ज्या वूस्टर परगण्यात येतं, त्याच परगण्यात, १९७९ मध्ये, जॉन कबाट-झिन यांनी वैद्यकीय महाविद्यालयात माइंडफुलनेसचा कार्यक्रम सुरू केला. एकाच परगण्यात एका ठिकाणी लक्ष शिकवलं जात होतं आणि दुसऱ्या ठिकाणी होकार.

बसण्याची तयारी साधी. चाळीतल्या खोलीत किंवा वन-रूम-किचनमध्ये वेगळा देव्हारा किंवा प्रार्थनेचा कोपरा कुठून आणणार? खिडकीकडे तोंड करून ठेवलेली एक खुर्ची पुरते. मांडी घातलीच पाहिजे असं नाही. पाठ सरळ आणि पाय जमिनीला टेकलेले असले की झालं. वेळ मात्र ठरलेली ठेवा. नळाला पाणी यायच्या आधीचा अर्धा तास मी वर्षानुवर्षं वापरला आहे. मोबाइलचा गजर हळू आवाजात लावा, नाहीतर दर तीन मिनिटांनी घड्याळ बघायला होतं. पहिले दोन आठवडे दहाच मिनिटं. बसताना एक वाक्य मनात म्हणा, की मी कुणासाठी बसलो आहे. हे वाक्य गाळू नका. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्या होतील, टीव्ही लागेल. त्यांच्याशी भांडू नका.

विचार येणारच. कीटिंग यांच्याबद्दल सांगतात की एका शिबिरात एक सिस्टर रडवेली होऊन त्यांच्याकडे आली: वीस मिनिटांत दहा हजार विचार आले, मला जमतच नाही. ते खूश झाले. म्हणजे देवाकडे परत येण्याच्या दहा हजार संधी, असं काहीसं त्यांचं उत्तर होतं. विपश्यनेतही मन भटकलं की राग न धरता परत आणायला सांगतात, त्यामुळे ही सवय तिथून आलेल्यांना आधीच असते आणि ती इथे फार कामाला येते. फरक एवढाच की तिथे परत यायचं श्वासाकडे, इथे कुणाकडे तरी. डुलकी लागली तर लागू द्या, पण रोज लागत असेल तर प्रार्थनेची नव्हे, झोपेची वेळ बदला.

काही महिन्यांनी कोरडं पडतं. सुरुवातीचा गोडवा जातो, शास्त्र वाचून काही हलत नाही. इथे पुष्कळ जण सोडून देतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण कित्येकदा तेव्हाच खरं काही सुरू होत असतं. आविलाच्या संत तेरेसा (१५१५-१५८२) यांना १९७० मध्ये चर्चने धर्मपंडिता हा मान दिला. त्या बाईंनी आत्मचरित्रात कबूल केलं आहे की प्रार्थनेच्या तासाला त्यांचं लक्ष घड्याळाच्या टोल्याकडे लागलेलं असे आणि कितीतरी वर्षं हातात पुस्तक असल्याशिवाय त्यांना बसवत नसे. त्यांचे सहकारी संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी तर मनन सोडून नुसतं बसण्याची वेळ आली हे ओळखण्याच्या तीन खुणा दिल्या. पहिली, पूर्वीसारखं मनन जमत नाही, त्यात रस उरत नाही. दुसरी, मनाला दुसऱ्या कुठल्या कल्पनेतही रमावंसं वाटत नाही. तिसरी, देवाकडे नुसतं प्रेमाने लक्ष ठेवून एकटं असणं आवडू लागतं. तिन्ही एकदम हव्यात. प्रार्थनेचा कंटाळा येतो पण मालिका बघताना येत नाही, तर ती दुसरी खूण नव्हे. तो साधा आळस, आणि त्यावर उपाय म्हणजे पुन्हा पुस्तक उघडणं.

ख्रिस्ती वाचकांची भीती मी हलकी मानत नाही. एका खेड्यातल्या पाळकसाहेबांनी मला विचारलं होतं, मन रिकामं केलं तर त्यात दुष्टात्मा शिरणार नाही का? त्यांच्या मनात येशूने सांगितलेला तो झाडून लोटून ठेवलेल्या रिकाम्या घराचा दाखला होता. प्रश्न रास्त आहे. पण या प्रार्थनेत घर रिकामं करून सोडायचं नसतं, मालकासाठी जागा करायची असते. हाकेची पायरी गाळली तर मात्र पाळकसाहेबांची शंका खरी ठरण्याचा धोका आहे. कॅथलिक चर्चनेही हेच सांगितलं. १५ ऑक्टोबर १९८९ रोजी, म्हणजे संत तेरेसांच्या सणाच्या दिवशी, कार्डिनल रात्सिंगर यांच्या सहीने बिशपांना एक पत्र गेलं. योग, झेन यांसारख्या पद्धतींमधलं उपयोगी ते घ्यायला त्यात मनाई नाही, ख्रिस्ती प्रार्थनेचा गाभा झाकला जाऊ नये एवढी अट आहे. आणि शरीराला जाणवणारी ऊब किंवा निवांतपणा म्हणजेच पवित्र आत्म्याचं सांत्वन, असं समजू नका, असा इशारा आहे. हा इशारा मला अतिशय मोलाचा वाटतो. डिमेलो यांच्या निधनानंतर अकरा वर्षांनी, १९९८ मध्ये, रोमने त्यांच्या लिखाणाबद्दल सावधगिरीचं निवेदन काढलं. त्यातही सुरुवातीची पुस्तकं ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत राहतात असं म्हटलं आहे, खटकलं ते मुख्यतः नंतरचं. १९७८ चं 'साधना' हे त्यांचं पुस्तक म्हणून मी आजही देते. त्यातले पहिले सराव मौन आणि शरीराचं भान यांचे आहेत, आणि पुढे ते थेट ख्रिस्ताकडे नेतात.

इगतपुरीला जायचं असेल तर जा, पण ठरवून जा. तिथे दहा दिवस जप, माळ, पूजा, प्रार्थना सगळं बाजूला ठेवायला सांगतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मिसळ केली तर त्यांची पद्धत नीट अजमावली जात नाही. जाणाऱ्या ख्रिस्ती माणसाने हे आधीच ओळखून, देवाला सांगून निघावं. चोरून रोझरी करत बसणं दोघांशीही अप्रामाणिक आहे. मी माझी चूक सांगते. परत आल्यावर कित्येक महिने मी सकाळच्या एकाच बैठकीत दहा मिनिटं श्वास, दहा मिनिटं संवेदना आणि दहा मिनिटं नाम असं करत होते. ना सजगता मुरली, ना हाक पोचली. पुढे एका जुन्या सिस्टरने सांगितलं, एका बैठकीला एकच. शरीर निवायला दोन-चार मिनिटं श्वास पाहायचा असेल तर खुशाल पाहा, पण एकदा नाव घेतलं की पुन्हा श्वासाकडे वळायचं नाही. तेव्हापासून मी हेच पाळते.

प्रकाश दिसला, अंग हलकं झालं, सुगंध आला, यावर वही भरू नका. तेरेसांची कसोटी रोखठोक होती: शेजाऱ्यावरचं प्रेम वाढलं का? आपल्या भाषेत, सासूला, सुनेला, कामवाल्या ताईंना, उशिरा जेवायला आलेल्या नवऱ्याला तुम्ही कसं बोलता? दोन-तीन महिन्यांनी घरातल्या कुणाला तरी हे विचारा. स्वतःला विचारू नका.

आणि हे मनापासून सांगते: नैराश्य खोल असेल, भास होत असतील, नुकतंच जवळचं कुणी गेलं असेल, तर लांब मौनशिबिराला एकट्याने जाऊ नका. आधी डॉक्टरांशी बोला, चालू असलेली औषधं बंद करू नका, आणि शिबिर चालवणाऱ्यांना सगळं स्पष्ट सांगा. विपश्यना असो की ख्रिस्ती तपस्या, लांबलचक शांततेत दबलेलं वर येतं. अशा काळात रोजची दहा मिनिटं आणि सोबतीला एक समजूतदार माणूस, धर्मगुरू, सिस्टर, पाळक, कुणीही, एवढं पुरेसं आहे.

राहिली ती कुतूहलाने आलेली मैत्रीण. तिला मी सांगितलं की आमच्यात मागणं असतं, आणि मागून झाल्यावर नुसतं बसणंही असतं. तिने विचारलं, मग मी तुमचं नाव घेऊ का? मी म्हटलं, जे नाव घेतल्यावर तुझ्या आतून खरोखर कुणाला हाक मारल्यासारखं वाटेल, ते घे. उसनं घेऊ नकोस. आता ती दर गुरुवारी सहाला येते, मागच्या खुर्चीवर बसते. तिच्या मनात कुठलं नाव असतं, मी विचारलेलं नाही. घंटा वाजल्यावर आम्ही सगळे दोन मिनिटं तसेच डोळे मिटून राहतो, मग कुणीतरी पंखा लावतं आणि चहा येतो.